जेवणानंतरची उपासना

नगर जिल्ह्यातल्या ख्रिस्ती घरांत रात्रीची जेवणे उरकली की सगळ्यांनी एकत्र बसायचे, एखादे पद म्हणायचे, शास्त्रातला एक भाग वाचायचा आणि प्रार्थना करून मग अंथरुणे टाकायची, हा रिवाज दीडशे वर्षांहून जुना आहे. लिहिताना आम्ही त्याला कौटुंबिक उपासना म्हणतो. घरात नुसते ‘बसा आता’ म्हटले तरी पोराटोरांना कळते. मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास लिहिणारे शाळा, दवाखाने, चर्चच्या इमारती आणि बाप्तिस्म्यांची साले यांवर पुष्कळ लिहितात. या अर्ध्या तासावर फारसे कोणी लिहीत नाही. माझे मत असे, की आमचा विश्वास मुळाशी टिकला तो या अर्ध्या तासात, आणि लोकांना तिथे बसावेसे वाटे म्हणून टिकला. धाकाने रोज रात्री कोणी गात नाही.

सुरुवात मात्र गाण्याची नव्हती. अमेरिकन मिशनचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईत उतरले. अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, मिशनचे ठाणे पडले ते १८३१च्या डिसेंबरात. आलेल्या तिघांपैकी विल्यम हर्वी पुढच्याच वर्षी पटकीने गेले. १८३३ साली नगरची पहिली मंडळी स्थापन झाली. त्या काळी मंडळी म्हणजे मूठभर माणसे. मिशनरी कुटुंबे रात्री आपापल्या बंगल्यात उपासना करीत, नोकरचाकर आणि शाळेतली मुले दाराशी बसत, वाचन झाले की प्रार्थना होई. ही शिस्त न्यू इंग्लंडच्या घरांतून आली होती. तिथल्या बापाने घराचा पाळक व्हावे, बायकामुलांना रोज वाचून दाखवावे, ही त्या लोकांची शतकांची रीत. त्यांनी ती जशीच्या तशी इथे आणली आणि पहिल्या ख्रिस्ती कुटुंबांना शिकवली.

ती रीत घेणारी माणसे कोण होती, हे विसरून चालणार नाही. सुरुवातीला काही ब्राह्मण घरांतले लोक आले, हरिपंत खिस्ती यांच्यासारखे, आणि त्यांची नावे पुस्तकांत ठळक आहेत. पण गावोगावच्या मंडळ्या उभ्या राहिल्या त्या महार आणि मांग वस्त्यांतून. माझे घराणे त्यातलेच, नेवासे तालुक्यातल्या वडाळ्याच्या बाजूचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, की बाप्तिस्मा घेतलेला पहिला पूर्वज एकतारीवर भजन म्हणणारा होता. कबीर, चोखोबा, तुकोबा त्याच्या तोंडी. येसकरकीची पाळी सांभाळायची, गावची निरोपानिरोपी करायची, रात्री वस्तीत भजनाला बसायचे, हे त्याचे आयुष्य. अशा माणसाला रात्री जमून देवाचे नाव घेण्याची सवय कोणी नव्याने लावायची गरज नव्हती. तो आधीपासून बसतच होता. नवीन होते ते एवढेच, की आता बायको आणि मुलीही रिंगणात बसणार होत्या, आणि मधोमध एक छापलेले पुस्तक असणार होते.

नेवासे तालुका म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. शके १२१२मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच तालुक्यात. ज्ञानेश्वर ज्याला टेकून बसले असे सांगतात, तो पैसचा खांब आम्ही शाळेच्या सहलीत पाहिला होता. ओवी ज्या मातीत वाढली, त्याच मातीत आमच्या लोकांनी येशूची गोष्ट प्रथम ऐकली. ती गोष्ट ओवीत आणि अभंगात यायला इतका वेळ का लागला, हा खरा प्रश्न आहे. गोव्यात तर फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ सालीच सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण राचोलला छापले होते, आणि ते देवळांतून वाचले जाई. पण ते पोर्तुगीज मुलखातले कॅथलिक जग, रोमन लिपीत छापलेले. नगरच्या प्रॉटेस्टंट मंडळींपर्यंत त्याचा आवाज पोहोचला नाही. इथे सगळे पहिल्यापासून करावे लागले.

पहिली गीते इंग्रजी चालींवर बसवलेली होती. हेन्री बॅलन्टाइन १८३५मध्ये आले आणि तीस वर्षे राबले. मराठी उपासनेला गीते मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा आहे आणि त्यांचे मराठी चांगले होते. तरीही इंग्रजी चालीत मराठी शब्द घातला की काय होते, ते आमच्या कोणत्याही जुन्या मंडळीत रविवारी ऐकावे. इंग्रजी चाल एका ठरलेल्या ठिकाणी जोर मागते. मराठी शब्दाला तिथे जोर नसतो. आपले सगळे लांबीवर चालते, ऱ्हस्वदीर्घावर. मग ‘प्रभु’मधला उकार ताणून दोन मात्रांचा करावा लागतो, आणि ‘आकाशातील’चा शेवट घाईने गिळावा लागतो. शिकलेली माणसे पुस्तकात बघून हे निभावतात. अक्षरओळख नसलेल्या बाईच्या जिभेवर ते बसत नाही, आणि जे जिभेवर बसत नाही ते चुलीपुढे, शेतात, पाणवठ्यावर गुणगुणले जात नाही.

म्हणून कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे ऋण मला सगळ्यांत मोठे वाटते. हे नगरचे. १८६०च्या दशकात सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. पूर्वरंग, उत्तररंग, पदे, आर्या, साक्या, दिंड्या, सगळा थाट मराठी कीर्तनाचा. आख्यान मात्र शुभवर्तमानातले. काही मिशनऱ्यांना सुरुवातीला धास्ती वाटली, की या वाटेने जुने देव परत येतील. पण ऐकायला माणसे लोटली, आणि ज्यांना प्रवचनाला बसवत नसे ते मध्यरात्रीपर्यंत कीर्तनाला बसू लागले. लहानपणी मी ऐकलेले उधळ्या पुत्राचे आख्यान अजून डोळ्यांपुढे आहे. कीर्तनकारबुवांनी त्यातला बाप आमच्या भागातला बागाईतदार केला होता. धाकटा वाटणी मागतो, विहिरीसकट जमीन विकतो, शहरात जाऊन पैसा उधळतो, मग दुष्काळ पडतो. पोरगा परत येतो तेव्हा म्हातारा बाप बांधावरून धावत सुटतो. बुवा इथे चिपळ्या थांबवायचे आणि विचारायचे, “आपल्याकडं म्हातारा माणूस कधी धावतो का हो?” गोठ्याला आग लागली तर, पूर आला तर, असे लोक मनाशी म्हणत. मग बुवा सांगायचे, की हा म्हातारा आनंदाने धावला. शास्त्रात मेजवानीला पुष्ट वासरू आहे. बुवांच्या आख्यानात त्या रात्री वाड्यावर पुरणपोळीचा बेत होता. माझ्या आजोबांना ही गोष्ट रडवायची आणि घरी परततानाही ते त्यातलेच पद म्हणत यायचे.

असे कीर्तनातले पद बैलगाडीतून घरी येई आणि दुसऱ्या दिवशी रात्री उपासनेत म्हटले जाई. पुस्तक लागत नसे. झांजा, असल्या तर टाळ, नाही तर टाळ्या.

आता वाचनाचे. बायबलचा पूर्ण मराठी तर्जुमा १८४७ साली झाला. घरोघर तो पोहोचायला पुढे बरीच वर्षे लागली, आणि पोहोचला तरी वाचणार कोण? या प्रश्नाने आमच्या बायकांचे भाग्य बदलले. उपासना रोज व्हायची तर घरात निदान एकाला वाचता आले पाहिजे, आणि पुरुष कामानिमित्त परगावी असले की ते काम बाईकडे येई. नगरमध्ये मुलींच्या शाळा सिंथिया फरार यांनी चालवल्या. त्या १८२७ साली हिंदुस्थानात आल्या, १८३९पासून नगरला होत्या, आणि १८६२ साली वारल्या. जोतीराव फुले यांनी त्यांच्या शाळा पाहिल्या आणि मग १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली, हे सर्वांना माहीत आहे; सावित्रीबाईंचे अध्यापनाचे शिक्षणही फरारबाईंकडे झाले. पण त्या शाळांतून शिकून खेड्यात परतलेल्या, कुठल्याच पुस्तकात नाव नसलेल्या मुली रात्री कंदिलाजवळ बसून सासऱ्याला, दिराला, नवऱ्याला वाचून दाखवू लागल्या, याचे मोल मी कमी मानत नाही. जी सून दिवसभर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे, तिचा आवाज रात्री घरातली सगळी माणसे गप्प बसून ऐकत. माझ्या आजीची सासू बायबलबाई, म्हणजे घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणारी, होती, आणि “पुस्तकानं मला घरात बसायला जागा दिली,” असे ती म्हणत असे, हे मी आजीच्या तोंडून ऐकले आहे.

ख्रिस्ती घर कसे असावे, याचा मराठीतला सर्वांत जिवंत पुरावा लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त आहे. १९३४पासून ते चार भागांत आले. नारायण वामन टिळकांना नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला, आणि १८९५च्या फेब्रुवारीत मुंबईला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचे जग मोडले. नवरा-बायको कित्येक वर्षे वेगळे राहिले; एकत्र आल्यावरही काही काळ चूल आणि पाणी वेगळे होते. सोवळ्याओवळ्याच्या धाकात वाढलेल्या त्या बाईने मग एके दिवशी बसून विचार केला, की माणसांत जात देवाने केली का, आणि उत्तर मिळाले तशी कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागली. १९०० साली त्यांचा बाप्तिस्मा झाला. मला त्यात सर्वांत मोलाचे हे वाटते, की टिळकांनी बायकोवर जबरदस्ती केली नाही आणि तिने नवऱ्याला शरण जाऊन धर्म घेतला नाही. ती स्वतः विचार करून आली. माझ्यासारख्या महार वस्तीतल्या घराण्यातल्या बाईला हा विचार वाचताना जे वाटते, ते सांगायला मला शब्द शोधावे लागतात.

टिळक नगरला राहिले, तिथल्या धर्मज्ञान शाळेत शिकवीत, १९०४ साली त्यांना पाळकाची दीक्षा मिळाली. पैसा त्यांच्या हाती ठरत नसे आणि घर माणसांनी भरलेले असे: अनाथ पोरे, विद्यार्थी, पाहुणे. बालकवी ठोमरे काही काळ त्यांच्याच घरी होते, ख्रिस्ती न होता, पोटच्या पोरासारखे. त्या घरात भांडणे होती, उधारी होती, प्लेगचे दिवस होते, आणि तरीही पानापानातून हसणे ऐकू येते. लक्ष्मीबाईंचा विश्वास हा असा हसता आहे. त्यांना देव स्वयंपाकघरात भेटतो.

टिळक सांगत, की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्यांनी उपासना खुर्च्यांवरून सतरंजीवर आणली आणि तिच्या तोंडी अभंग घातले. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात त्यांची पदे शेकड्यांनी मोजावी लागतात. सांगळ्यांनी देवळाबाहेर जो मार्ग मोकळा केला, तो टिळकांनी घराच्या आत आणून सोडला. आईसारखा देव, सखा देव, घरी येणारा देव, ही बोली वारकऱ्यांची होती आणि आमचे वाडवडील ती जाणत होते. आता ती उघड्या गळ्याने येशूला लावता आली. फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतो. आमच्या घरांत त्यांना कवी म्हणून फार कमी जण ओळखत. ‘टिळकांचं म्हणू या’ म्हटले की कोणते, ते आपोआप ठरे.

माझ्या आजीच्या घरातली उपासना अशी होती. धाब्याचे घर, मधल्या खोलीत घोंगडे, कोनाड्यात कंदील, त्याखाली लाल कडांचे शास्त्र फडक्यात बांधलेले. सर्वांत लहान पोर आधी वचन म्हणे. ते बहुधा येशूच्या रडण्याचे दोन शब्दांचे वचन असे, कारण शास्त्रात त्याहून आखूड मिळत नाही, आणि आजीने त्यावरून कोणाला कधी टोकले नाही. “दोनच शब्द, पन खरे,” म्हणायची. मग पद, मग वाचन. ज्याला जोडाक्षरे अडत त्यालाच ती पुढे बसवी. प्रार्थनेत नावे घेतली जात: व्यायला आलेली म्हैस, एस.टी.वर ड्रायव्हर असलेला मामा, शेजारच्या मुसलमान घरातली आजारी सून, गावचा पाटील. पाटलाच्या विहिरीवर आमच्या आजोबांना त्यांच्या तरुणपणी पाणी भरू दिले जात नसे. तरी त्याचे नाव यादीत असे, आणि म्हातारी ते नाव घेताना आवाज खाली आणत नसे.

आजी पहाटे दळताना ओव्या म्हणायची. त्यातली एक मला पाठ आहे, तिची स्वतःची:

पहाटंचं दळण, जात्याला देते घास
बेथलेहेमी बाळ, त्याला गवताची रास

हे तिला कोणी शिकवले नव्हते. जात्यावर तिच्या आईच्या ओव्यांत सीता यायची, आजीच्या ओव्यांत मरिया आली. दोघीही लेकराची काळजी करणाऱ्या.

१९७२च्या दुष्काळात घरातली मोठी माणसे दुष्काळी कामावर खडी फोडायला जात. मी तेव्हा शाळकरी होते. संध्याकाळी सगळ्यांचे हात फुटलेले, डोळ्यांत धूळ. त्या दिवसांत उपासना एका पदावर यायची, पण बुडाली नाही. रेशनवर मिलो मिळायचा, तांबडी परदेशी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडायची. आजी त्या भाकरीसाठी देवाचे उपकार मानायची. मी विचारले, “ही तर चांगली लागत नाही, हिच्यासाठी कशाला?” ती म्हणाली, “चव कुठं मागितली होती? भाकर मागितली होती. आली.” आणि माझ्या तुकड्यावर तिने तिच्या वाट्याची चटणी घातली.

आजीचा एक नियम मोडता येत नसे. घरात कोणाचे बोलणे तुटले असेल तर प्रार्थना सुरू होत नसे. “आधी बोला, मग डोळे मिटा.” विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून माझ्या दोन काकांची एकदा चांगलीच जुंपली. त्या रात्री पद झाले, वाचन झाले आणि ती थांबली. कोणी काही बोलेना. पोरे पेंगायला लागली, कंदिलात रॉकेल कमी होत चालले. थोरल्या काकांनी शेवटी उद्याची पाळी घे म्हणून भिंतीकडे बघत सांगितले. धाकट्याने उत्तर दिले, “नको, तुमचा कांदा वाळतोय.” एवढेच. आजीने लगेच डोळे मिटले आणि त्या रात्रीची प्रार्थना अगदी छोटी केली. पुढे नोकरीत, शिक्षकांच्या खोलीत, स्वतःच्या संसारात मी हा नियम वापरला आहे आणि अजून वापरते. वाद मिटवायची याहून चांगली रीत मला कोणत्या पुस्तकात सापडलेली नाही.

आनंदाचा सगळ्यात मोठा वाटा नाताळात यायचा. आठवडाभर आधी करंज्या, शंकरपाळे, शेव. आदल्या रात्री ढोलकी घेऊन घरोघर गाणी. फराळाची ताटे हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांकडे जायची, आणि दिवाळीत, ईदला ती रिकामी न येता परत यायची. या दिवसांविषयी बाकीचे लोक पुष्कळ लिहितात, म्हणून मी थांबते.

टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ नावाचे महाकाव्य लिहायला घेतले होते. १९१९ साली ते गेले तेव्हा पहिले दहा-अकराच अध्याय झाले होते. ज्या बायकोला त्यांनी अक्षरे गिरवायला लावली होती, तिने पुढचे साठाहून अधिक अध्याय लिहिले. १९३६ साली त्याही गेल्या, आणि शेवट मुलाने, देवदत्त टिळकांनी केला. मराठीत एका कुटुंबाने मिळून पुरे केलेले असे दुसरे काव्य मला माहीत नाही. आमच्या उपासनेतही असेच होते: एकजण पद उचलतो, दुसरा ध्रुपद धरतो, शेवट ज्याचा गळा टिकेल त्याचा.

आता बदल झाला आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पोरे कारखान्यात तीन पाळ्यांत कामाला, मुली पुण्याला, जेवणे वेगवेगळ्या वेळी, जेवताना समोर टीव्ही. पुष्कळ घरांत उपासना रविवारपुरती उरली. तरुणांना गिटारवरची नवी गाणी आवडतात, त्यात मला वावगे वाटत नाही. सांगळ्यांनीही आपल्या काळचे वाद्य उचलले होते. माझी काळजी वेगळी आहे. ‘उपासना संगीत’ उघडा. पदावर चालीचे नाव छापलेले असते, त्या काळी सर्वांच्या तोंडी असलेल्या कुठल्यातरी पदाचा किंवा नाटकातल्या गाण्याचा पहिला शब्द. ते मूळ गाणे आज बहुतेकांना येत नाही, आणि चालींचे स्वरलेखन माझ्या पाहण्यात नाही. पद पानावर आहे, चाल फक्त म्हाताऱ्या बायकांच्या गळ्यात.

म्हणून मी निवृत्त झाल्यापासून नेवासे, राहुरी, शेवगाव भागातल्या आज्यांकडे जाते आणि मोबाइलवर त्यांचे गाणे भरून घेते. एकाच पदाच्या कधी वेगवेगळ्या चाली निघतात. माहेरची एक, सासरची एक. दोन्ही लिहून ठेवते. माझी नात हार्मोनियम शिकते, ती सूर काढून देते. सांगळ्यांची काही पदे अजून अशी आहेत, की पुस्तकात शब्द आहेत आणि चाल सांगणारे कोणी मिळालेले नाही. तुमच्या घरात कोणाला येत असतील तर त्यांना आज रात्री जेवणानंतर म्हणायला सांगा, आणि भरून घ्या.